तुझं नाव पयलं

वरच्या वाडीवरची एक बाई आमच्या नाते गावात घरोघर दूध घालायची. माप भरलं की वर आणखी एक धार ओतायची, "घे गो, पोरांना." लकवा झालेल्या नवऱ्यासाठी ती महाडला येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागली आणि गावकीनं तिला वाळीत टाकलं. मीही दूध बंद केलं.

वर्षभरानं महाडच्या स्टँडवर भेटली.

"नवरा कसा आहे?"

"हातरुनातच हाय. पन आता मरन मागत नाय." मग म्हणाली, "दूध बंद केलं त्यांची नावं रोज घेते देवापुढं. तुझं पयलं."

आमच्याकडे देवापुढे असं नाव घेतात ते वाटोळं व्हावं म्हणून.

"काय मागतेस?"

"पोरांना सुखात ठेव म्हनते." तिनं माझा हात धरला. "आता दूध कुनाचं घेतेस गो? पुरतं ना पोरांना?"