जित्या माणसाच्या फोटोला हार

मालिकेत मला मारलं ते जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत. बरीच वर्षं मी त्या घरातली आजी होते. सुनांना टोमणे मारायचे, नातवाची बाजू घ्यायची, सणाला नथ घालून मधोमध बसायचं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की आजी गेली तर वाटणीचं भांडण लावता येईल. झालं! मला पलंगावर आडवं केलं, घाम म्हणून कपाळावर पाणी फवारलं, आणि संध्याकाळी माझ्याच फोटोला चंदनाचा हार घालून तो भिंतीवर टांगला.

मरणाचा शॉट संपल्यावर मी उठून बसले आणि दिग्दर्शकाला म्हटलं, "आता हसायचा शॉट घे." त्यानं घड्याळ बघितलं. त्याला काय ठाऊक! मी कोल्हापूरच्या स्टुडिओत वाढलेली. तिथं मरणाचा प्रसंग झाला की कॅमेरा लगेच बंद करत नसत. मेलेल्यानं डोळे उघडायचे, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, मगच पुढचं काम. एरवी फिल्म वाया गेली की मालक अंगावर यायचे, पण त्या हसण्याच्या फिल्मवर कुणी बोट ठेवलं नाही. अभद्र तिथंच राहावं, माणसाच्या मागून घरी येऊ नये, एवढंच त्यात. दिग्दर्शक म्हणाला, "आजी, लाईट हलवलेत, उद्या बघू." उद्या माझं कामच नव्हतं. मेलेल्याला कोण बोलावतंय?

माझं माहेर कॅसलरॉकच्या पल्याड, रानात. भाताची चार खाचरं आणि मागं डोंगर. आई गेली तेव्हा कोल्हापूरचा मामा मला घेऊन गेला, मामीच्या हाताखाली. मामा स्टुडिओत सुतार. राजवाडे, देवळं, तुरुंग, सगळं तोच ठोकायचा. एकदा मी त्याचा डबा घेऊन गेले, तर सेटवर गर्दीत उभी राहायला एक मुलगी कमी पडत होती. संपलं. डबा पोचवायला गेलेली मी तिथलीच होऊन बसले.

स्टुडिओ म्हणजे तेव्हा नोकरीच. सकाळी हजेरी, महिन्याला पगार, आणि काम नसलं तर कपड्यांच्या खोलीत बसून शालूंना टिकल्या लावायच्या. तिथल्या मास्तरांनी माझ्या तोंडातलं 'हाय' आणि 'न्हाई' रागावून रागावून काढून टाकलं. नायिकेची मैत्रीण झाले, मग नायकाची बहीण, मग वहिनी. नायिका काही झाले नाही. नाक आडवं आलं म्हणायचे. नाकाचं काय, ते अजून जागेवर आहे! पुढं स्टुडिओ बंद पडला, दिवे विकले गेले, मामाच्या राजवाड्यांची फळकुटं जळणाला गेली. मग नाटकं केली, काही वर्षं नुसती बसून काढली, आणि केस पांढरे झाल्यावर टीव्हीवाल्यांना माझी आठवण आली. गंमत बघा, त्यांना आजीच्या तोंडी 'हाय' आणि 'न्हाई'च हवं होतं. मास्तर असते तर कपाळावर हात मारून घेतला असता.

मी सिनेमात उभी राहिले हे कळलं तशी वडिलांनी, अप्पांनी, घरात माझं नाव घ्यायचं बंद केलं. ते गेल्यावर तरी थोरल्या बहिणीचा, अक्काचा, काही निरोप येईल असं वाटलं; तिचा नवरा घरजावई, म्हणून घर तिच्याकडेच राहिलेलं. नाही आला. मग मीच गेले. अक्कानं सोप्यावर पाट मांडला, पत्रावळीवर वाढलं, तांब्या ठेवला आणि एक शब्द बोलली नाही. पाहुणीला वाढावं तसं मला वाढलं! माझ्या आईच्या चुलीपाशी मला बसवलं नाही. तिथून उठले ती परत गेले नाही. मीही काही कमी हट्टी नाही.

मालिका सुटल्यावर कामाची चिंता मला फारशी नव्हती. एवढं होऊनही उरलेलं वय माहेरी काढावं असं फार दिवस मनात होतं. भाड्याच्या खोलीत एकटीनं मरायचं नव्हतं मला. पण अक्का चुलीपाशी घेईल का? तेवढं विचारायचं धाडस होत नव्हतं.

माझ्या मरणाचा भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काच्या सुनेचा फोन आला. त्यांच्या घरी रेंज नाही, बोलायचं तर टेकाडावर चढावं लागतं. धापा टाकत म्हणाली, "मावशी, तुमी हाय न्हवं?"

"नसते तर फोन कुणी उचलला असता गं?"

"तसं न्हवं. आत्ती कालधरनं रडाय लागल्यात. शेजारचे गोळा झाल्यात, दिग्गी गावची पावणीबी आल्यात. सगळ्यांस्नी खरंच वाटतंय. म्या कुणाकुणाला सांगू?"

माझं डोकंच फिरलं. जितेपणी अक्काच्या तोंडून शब्द फुटला नाही आणि आता गाव गोळा करून रडतायत! मिळेल ती गाडी धरली, लोंढ्याला बदलली आणि कॅसलरॉकला उतरून जीप केली. वाटभर मी भांडणाची वाक्यं पाठ करत होते.

अंगणात पाय टाकला तर सोपा माणसांनी भरलेला. एक बाई "अय्यो!" म्हणून किंचाळली. एका म्हाताऱ्यानं तर मला हात जोडले. अक्का खांबाला टेकून बसली होती, डोळे सुजलेले, पदर ओला. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि ओरडले, "मी जिती हाय! मालिका हुती ती. एवढं कळत न्हाई तुला?"

तिनं नाक पुसलं. मला खालून वरपर्यंत बघितलं.

"ठाऊक हाय. मी काय खुळी हाय व्हय? रोज बगते न्हवं तुला."

"मग रडतीस कशाला?"

"मालिका खोटी, पर हार खरा हुता न्हवं? जित्या माणसाच्या फोटोला हार घातला त्यांनी. मग कुणी रक्ताचं रडाय नको?"

मी गपकन खाली बसले. आमच्याकडे कुणाच्या डोक्याला कावळा शिवला तर त्याच्या जवळच्यांना तो मेल्याचा खोटा निरोप धाडतात. ते रडले की आलेलं मरण परत जातं. लहानपणी मी हे पाहिलेलं होतं आणि साफ विसरले होते. स्टुडिओत हसून टाळायचे, इथं रडून टाळतात. माझं हसायचं राहिलं होतं, आणि इकडं ही बाई तो भाग बघितल्यापासून माझ्या आयुष्यासाठी रडत बसली होती.

"जुनी माणसं म्हणत्यात, ठाऊक असताना रडलं तर लागू पडत न्हाई," अक्का म्हणाली. "म्हटलं, निरोप खोटा असंल तर असू दे. रडणं खोटं नको."

मग ती उठली. "जावा आता समदी घरला. टळलं. ही बगा, बसलीया धडधाकट." माणसं कुजबुजत उठली. अक्कानं माझं मनगट धरलं, सोप्यावरनं माजघरात नेलं, माजघरातनं आत, आणि चुलीपाशी पाट ओढून मला बसवलं.

ती फुंकणीनं जाळ करत होती. मला राहवेना. नटीच शेवटी मी. विचारलं, "अक्का, आमाला चार थेंबांना ग्लिसरीन लागतंय. ठाऊक असताना तुला एवढं रडू आलं कसं?"

तिनं पेजेत पळी फिरवली.

"तू मामासंगं निघालीस तवा कॅसलरॉकला आले हुते मी पोचवाय. अप्पा म्हणाले, निघताना रडायचं न्हाई, अपशकुन हुतोय. मग न्हाई रडले. मागं आलीस तवा बोलाय तोंड उघडलं असतं तर पाटापुढंच रडले असते, म्हणून गप ऱ्हायले." तिनं माझ्यापुढं ताटली सरकवली. "तेच ऱ्हायलं हुतं बग. तेच रडले. खा आता, पेज निवतीया."