कापणीच्या सणाचं कोहळं

अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये जे जे म्हणून बदललं, त्यातल्या एकाही गोष्टीला माझ्या मामांनी आजवर संमती दिलेली नाही. सतरंज्या जाऊन खुर्च्या आल्या. मामा अजून खालीच बसतात आणि लोक त्यांना अडखळतात. चपला दाराबाहेर काढायची रीत मोडली, तेव्हा बूट घालून आत आलेल्या एका साहेबांना त्यांनी भर उपासनेत विचारलं, "काहून जी, सासऱ्याच्या घरीबी असेच शिरता काय?" पेटी-तबला जाऊन ड्रम आला, त्या रविवारी मामा कानात कापूस घालून बसले. तोही गुपचूप नाही, पहिल्या ओळीत बसून, पाळकांना दिसेल एवढा मोठा बोळा! चर्च म्हणजे काय यांच्या मालकीचं वावर आहे, असं मी कितीदा तरी चिडून म्हटलंय.

यंदा मात्र मीच पेटले. कापणीच्या सणाला आमच्याकडे शेतातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढच्या टेबलावर ठेवतात. तुरीच्या शेंगा, संत्री, एखादी कोंबडीसुद्धा. प्रार्थना झाली की अंगणात लिलाव आणि नुसता हशा. नव्या पाळकांनी ते टेबलच काढून टाकलं. मुंग्या होतात म्हणे, आणि हल्ली शेती करतो कोण? दान मोबाईलवरून द्या.

"देवाले फोनवर जेवाले घालता काय?" मामा गरजले. पाळक नुसते हसले.

सणाला मामा कोहळं घेऊन आले. मामीनं कुंपणाला वेल लावला होता. तो फुलायच्या आत ती गेली. त्या वेलाचं हे पहिलं फळ. टेबल नाही, म्हणून सगळी उपासना ते मांडीवर घेऊन बसले. शेवटी पाळकांनी अगदी प्रेमानं येऊन त्यांचा कोहळ्यासकट फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अंगठ्यांवर अंगठे आले. फोटो काढायला हात होते, ते कोहळं उचलून वेदीपुढे ठेवायला नव्हते! मला अजून संताप येतो.

"चला मामा, घरी नेऊ," मी म्हटलं.

"घरी कसं नेऊ वो बाई? देवाच्या नावानं तोडलं ना. आता त्याले चाकू लावता येत नाही मले."

आवाजात रागाचा लवलेश नव्हता. लोक निघून गेले, खुर्च्या आवरल्या जाऊ लागल्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि ते एकदा तरी ओरडतील म्हणून वाट पाहत राहिले.