गप्प राहिलं की मान्य

अनिताताई जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला हॉस्पिटलात गेले, तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं, "नितीनशी बोललात?" मी मान खाली घातली. "सुमनताई, टाइम संपत आलाय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. माझा मुलगा नितीन मला लंडनजवळच्या मेडनहेडच्या माझ्या घरातून कायमची लीड्सला त्याच्याकडे नेणार होता. मला जायचं नव्हतं. हे फक्त ताईंना ठाऊक होतं.

ताई माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. क्रॉयडनला जन्मलेल्या, लग्न न केलेल्या. नोकरी ब्रसेल्सला झाली. एकमेकांचं संरक्षण करायला एकत्र आलेल्या देशांची तिथे संघटना आहे, तिथल्या ब्रिटनच्या कचेरीत त्या होत्या. मी चौथी शिकलेली, म्हणून तिथे काय काम करायच्या, कधी विचारलं नाही. एकदा जेवताना त्यांनीच सांगितलं. ठरावाचा मसुदा सगळ्या देशांना पाठवतात, मुदत देतात. तोवर कोणी विरोधात बोललं नाही, तर मान्य.

"आणि कोणी बोललं तर?"

"तर थांबतं. त्याला सायलेन्स ब्रेक करणं म्हणतात. पुन्हा बसायचं."

"लहान देश असला तरी?"

"लहान तर मुद्दाम बोलतात." मग नेहमीसारखा चष्मा काढून, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी पण सायलेन्स ब्रेक करते. वांगी मला आवडत नाहीत. कधीच नाही."

दर गुरुवारी मी त्यांना भरली वांगी देत होते... आणि त्या दरवेळी "खूप छान" म्हणून डबा धुऊन परत करायच्या. एवढ्या देशांपुढे बोलणारी बाई माझ्यापुढे गप्प बसली होती. हसून हसून आमचं जेवण गार झालं. तेव्हाच त्या म्हणाल्या, "नितीननी विचारलं, तुम्ही गप्प. त्याला ते येस वाटतं."

अंत्यविधीहून परतताना गाडीत नितीन म्हणाला, "आई, आता इथे तुझं कोण आहे? ईस्टरनंतर नेतो तुला."

"नको," म्हटलं.

"काय नको?"

"लीड्स. मी माझ्या घरात राहणार."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"आता बोलतेय."

मागच्या सीटवरून सून म्हणाली, "मी सांगत होते, आईंना नीट विचार."

नितीन रुसला, पण आता दर रविवारी फोनवर नवं काहीतरी सुचवतो. हिवाळ्यापुरती ये. नातीच्या सुट्टीत ये. मी लगेच हो म्हणत नाही. चष्मा काढते, घडी घालून टेबलावर ठेवते आणि म्हणते, "विचार करून सांगते." ही चष्म्याची सवय ताईंची. माझ्यात कधी आली, कळलंच नाही.