पहिलं नको मोजायचं नसतं

थोरलीला कुणी काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. नको. चहा घेणार? नको. बसायला खुर्ची देऊ? नको, मी काय, उभीच बरी. बाजारात चाललोय, काही आणायचंय का? नको गं बाई, उगाच त्रास कशाला. तिच्या माहेरच्या सगळ्याच बायका अशा. त्या घरात पहिलं नको मोजायचंच नसे, ते नुसतं घसा साफ करण्यापुरतं. दुसरं नको रीत म्हणून. तिसऱ्यांदा कुणी नको म्हणालं तर मात्र या बाईचं पोट खरंच भरलं की काय, अशी शंका घ्यायची. मावश्या आणि आत्या एकत्र जेवायला बसल्या की वाढणारीच्या हाताची आणि जेवणारीच्या हाताची ताटावर झटापट व्हायची. ज्या घरी ती झाली नाही त्या घरात माणुसकी नाही, असा निकाल परतीच्या वाटेवरच लागायचा.

धाकटी, म्हणजे थोरलीच्या दिराची बायको, अगदी निराळ्या घरातून आलेली. आई लवकर गेली, घरात बाप आणि ती. बाप छापखान्यात कामाला, बोलणं मोजकं. वाढताना एकदाच विचारायचा, आणखी? ती नको म्हणाली की भांड्यावर झाकण. तिच्या लेखी नको म्हणजे नको आणि हो म्हणजे हो. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिने थोरलीला विचारलं, भात वाढू? थोरली नको म्हणाली. धाकटीने भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. थोरली त्या दिवशी अर्धपोटी उठली आणि घरभर हसू झालं. ती स्वतःही हसली, पण पोटातून नाही, कारण पोटात काही नव्हतं.

थोरलीला एक नाद होता, टोपल्या भरायचा. कुणाला मूल झालं, कुणी नव्या घरात राहायला गेलं, कुणी ऑपरेशन होऊन परत आलं, की ती वेताची टोपली काढायची. तळाशी कागदाच्या बारीक पट्ट्यांची गादी. तिच्यावर घरी भाजलेली बिस्किटं, जॅमची बरणी, मेणबत्ती, पक्ष्यासारखी घडी घातलेला नॅपकिन. उंच वस्तू मागे, बुटक्या पुढे. सगळं भरून झालं की टोपली कानाशी धरून हलवायची. आत काही वाजलं की पुन्हा सगळं उपसायचं. घेणारा म्हणायचा, अहो, ही सोडावीशी वाटत नाही. थोरली म्हणायची, छे, त्यात काय एवढं, रिकामा वेळ होता. आणि मग तेवढ्या एका वाक्यावर तिचे पुढचे कितीतरी दिवस सुखात जायचे.

अशीच एक टोपली धाकटीने ऑफिसातल्या मैत्रिणीसाठी नेली. परत आली ती जिना चढून थेट वरच्या मजल्यावर, थोरलीच्या स्वयंपाकघरात.

"ताई, तिघीजणी मागे लागल्यात. आम्हाला विकत करून द्या म्हणतात."

"विकत? मी काय दुकान मांडलंय?"

हे अर्थात पहिलं नको होतं. मनातल्या मनात थोरलीने त्या दुकानाला पडदेसुद्धा लावले होते. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी म्हणावं, मांडा की ताई, तुमच्यासारखं कुणाला जमणार.

धाकटीने क्षणभर विचार केला. "बरं. मग दुकान मी मांडते. तुम्ही मला भरायला शिकवा."

झालं. ताकाला जाऊन भांडं लपवलं की असंच होतं, ताक दुसऱ्याच्या भांड्यात जातं. पण हे थोरलीला सांगणार कोण?

खालच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध आलं. त्याच्यावर रिबिनींची रिळं, पारदर्शक कागदाच्या गुंडाळ्या, पुठ्ठ्याचे खोके. धाकटी टोपलीला हॅम्पर म्हणायला लागली. सासूबाईंना ऐकायला कमी येतं. त्या आतून विचारायच्या, "कोण हंबरतंय?" आणि दोघी जावा हसायच्या. ते दिवस बरे होते. थोरली टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला बसून भरायची, धाकटी समोर बसून बघायची, चुकायची, पुन्हा करायची. शिकवणाऱ्याला जो एक मान असतो तो थोरलीला पहिल्यांदाच मिळत होता आणि तिला तो चढत होता.

मग नावाचा प्रश्न आला. लेबलं छापायची होती. धाकटीने बापाकडून नमुने आणून टेबलावर पसरले.

"ताई, 'थोरलीची टोपली' असं नाव देऊ या? सगळं तुमचंच तर आहे."

थोरलीच्या छातीत असं काही भरून आलं की तिला समोरचं दिसेना. आणि अशा वेळी माणूस जे करतं तेच तिने केलं. "छे गं," ती म्हणाली. "माझं कशाला नाव मधे?"

"नक्की?"

आता बघा, हे 'नक्की?' म्हणजे धाकटीच्या हिशेबाने फार मोठा आग्रह होता. तिच्या बापाने जन्मात कधी नक्की असं विचारलं नव्हतं. पण थोरलीच्या माहेरच्या मापाने ही तर कुठे सुरुवात. "नको नको," ती म्हणाली आणि तिसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत रिबीन उलगडत बसली.

"बरं," धाकटी म्हणाली. लेबलांवर छापून आलं 'छोटीशी भेट'.

थोरलीने ते लेबल उन्हात धरून वाचलं. छोटीशी. म्हणजे छोटीची. म्हणजे धाकटीची, आणखी कुणाची? त्या रात्री नवऱ्याला तिने हे समजावून सांगितलं. नवरा पाण्याचे मीटर तपासणाऱ्या खात्यात होता, त्याला आकडा काय तो समजे. तो म्हणाला, "पण तूच नको म्हणालीस ना?" थोरलीने त्याच्याकडे पाठ केली. असल्या माणसाशी संसार केला हेच नवल.

त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं त्याला औषध नव्हतं. धंदा वाढला. धाकटीने नोकरी सोडली. दारात गाड्या थांबायला लागल्या आणि गाडीतून उतरणारी प्रत्येक बाई आत येऊन धाकटीलाच मॅडम म्हणायची. थोरलीचे हात मोबाईलवरच्या फोटोंत असायचे, रिबिनीचं फूल सारखं करताना. फक्त हात. मनगटाच्या वर फोटो संपायचा. तिला वाटायचं, आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि वर नागोबाला लिपस्टिक.

धाकटीचं वाईट एवढंच की ती वाईट नव्हती. एकदा एक गिऱ्हाईकबाई टोपली फिरवून फिरवून बघत म्हणाली, "काय हात आहे हो तुमचा, मॅडम."

"हात ताईंचा आहे," धाकटी म्हणाली. "मी नुसती विकते."

बाईने वळून थोरलीकडे पाहिलं. इतके दिवस जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती घटका समोर उभी होती. आणि थोरलीचं तोंड, जन्मभराची सवय, आपोआप उघडलं. "छे छे, मी कसली करतेय? सगळं हीच करते."

"हो का," बाई म्हणाली आणि पुन्हा धाकटीकडे वळली.

हात दाखवून अवलक्षण. थोरली रडायला मोरीत गेली आणि नळ सोडून रडली, कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. आणि कुणालाच ऐकू आलं नाही याचाही तिला राग आला.

तिने ठरवलं, आता दणका द्यायचा. एका शाळेच्या निरोप समारंभाची मोठी ऑर्डर होती, खोके छताला लागले होते, धाकटीला मान वर करायला फुरसत नव्हती. थोरली टेबलापाशी उभी राहिली.

"मला आता हे जमायचं नाही. गुडघे फार दुखतात."

तिने सगळं मनात मांडून ठेवलं होतं. धाकटी गडबडेल, हात धरेल, ताई तुमच्याशिवाय कसं होणार म्हणेल. मग आपण दोनदा नाही म्हणू, आणि तिसऱ्यांदा, बघू, कदाचित.

धाकटीने कात्री खाली ठेवली. थोरलीच्या गुडघ्यांकडे बघितलं. डोळ्यांत खरी काळजी होती. "मला आधीच कळायला हवं होतं," ती म्हणाली. "फार ओढलंत तुम्ही. नका येऊ आता. आराम करा."

दुसऱ्या दिवशी ती वर आली ती गुडघे शेकायची रबरी पिशवी घेऊन. आणि खाली खिडकीकडच्या खुर्चीत शिवणाच्या बाई येऊन बसल्या.

शिवणाच्या बाई समोरच्या घरात राहायच्या. जन्मभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं, आता निवृत्त. बोटं बारीक, बोलणं गोड, आणि हसणं असं की जिन्यावरून वर येऊन दार ठोठावावं. थोरली वरच्या मजल्यावर शेकायची पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि ते हसणं ऐकायची. खाली जायला तिला निमित्त लागायचं. कधी मीठ संपायचं, कधी सासूबाईंच्या गोळ्या झाल्या का ते विचारायचं असायचं. पुढच्या खोलीवरून जाताना ती तिकडे बघायची नाही, आणि न बघता तिला सगळं दिसायचं. बाईंचा चष्मा टेबलावर. बाईंची शाल खुर्चीच्या पाठीवर. म्हणजे आता पाठीवर शाल टाकून जाण्याइतकी खुर्ची त्यांची झाली.

एका दुपारी धाकटी आणि बाई आत चहा घेत होत्या. गाडीची वाट बघत एक भरलेली टोपली जिन्याच्या पायरीवर ठेवली होती. थोरलीने इकडेतिकडे बघितलं, टोपली उचलली, कानाशी धरली आणि हलवली. वाज, ती मनात म्हणाली. एक बरणी तरी वाज. तिने जरा जोरात हलवली. टोपली गप्प. शिवणाच्या बाईंनी भरलेली, धाकटीने शिकवलेली, आणि धाकटीला जिने शिकवलं ती चोरासारखी पायरीवर उभी. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही. आपल्यावाचून या घराचं काहीही अडत नाही, ही एकच गोष्ट तिला त्या गप्प टोपलीत नीट ऐकू आली.

टोपली तशीच हातात घेऊन ती आत गेली. बाई पलीकडे कप विसळत होत्या. धाकटी एकटीच टेबलापाशी होती.

"मला नाव हवं होतं," थोरली म्हणाली.

"कसलं नाव, ताई?"

"लेबलावर. माझं. आणि त्या गिऱ्हाईकबाईने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला हवं होतं की तू पुन्हा सांगावंस. आणि माझे गुडघे दुखत नाहीत. कधीच दुखले नाहीत."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "मग नको का म्हणालात?"

"तू आग्रह करशील म्हणून."

"मला वाटलं तुम्हाला नकोय. मी दोनदा विचारलं."

"आमच्याकडे दोनदा म्हणजे काहीच नाही गं."

 धाकटीने एक लेबल उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं. थोरलीला वाटलं आता ती म्हणेल, बदलू या नाव. पण धाकटी तिच्या बापाची मुलगी होती.

"नाव आता बदलता यायचं नाही, ताई. लोक त्याच नावाने ओळखतात. ते गेलं." तिने खिडकीकडच्या खुर्चीकडे बोट केलं. "जागा आहे. बसणार का?"

एकदाच विचारलं. थोरलीला माहीत होतं की ती दुसऱ्यांदा विचारणार नाही. नको जिभेवर येऊन बसलं होतं, मावश्या-आत्यांचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं, अगदी तयार. तोंडातलं घर सोडायला ते राजी नव्हतं.

"बसते," थोरली म्हणाली. खुर्चीच्या पाठीवरची शाल तिने घडी घालून बाजूला ठेवली आणि बसली. खुर्ची जरा खाली दबली होती, बाई वजनदार होत्या.

तेवढ्यात शिवणाच्या बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. खुर्चीत कोण बसलंय ते बघून थबकल्या. मग गोड हसल्या.

"अगंबाई, थोरल्या वहिनी. बसा बसा, उठू नका. तुमचीच जागा ती. मी काय, मी जाते आपली घरी. आता माझं काय काम इथे?"

एवढं बोलून त्या गेल्या नाहीत. शाल हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि थोरलीकडे बघत राहिल्या. त्या कशाची वाट बघताहेत हे त्या खोलीत एकाच बाईला कळत होतं. एक शब्द पुरे होता. जाता कुठे, बाई, बसा की, तुमच्याशिवाय कसं होणार.

थोरलीने रिबिनीचं रीळ पुढे ओढलं.

"बरं," ती म्हणाली.