शिरीषचं नॉर्थ-साउथ

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात होतो. “शिरीष गेला, भावजी,” एवढंच मेधावहिनी म्हणाल्या. आडवळण नाही, प्रस्तावना नाही… त्याला हे आवडलं असतं.

जहाजावर इंजिनीअर असताना तो काही महिने ह्यूस्टनच्या गोदीत अडकला आणि अमेरिकन फुटबॉलचं वेड घेऊन आला. इथल्या मराठी मंडळींत ते त्याला एकट्यालाच. तिकडच्या रविवारच्या मॅचेस इथे सोमवारी सकाळी लागायच्या. सुट्टी असली की जुरोंग ईस्टच्या त्याच्या फ्लॅटवर मी पोह्यांच्या आशेने जायचो आणि फुटबॉल सोसायचो. चटणी-लोणच्याच्या वाट्या टेबलावर ओळीने मांडून तो शिकवायचा. वाट्या म्हणजे वाट अडवणारे गडी. चेंडू घेऊन धावणारा मोकळी जागा शोधत कडेकडेने पळाला, तर तो ईस्ट-वेस्ट. दोन वाट्यांत फट दिसताच समोर घुसला, तर नॉर्थ-साउथ. “मैदान कुठल्या का दिशेला असेना! दोन पावलं मिळाली तरी पुढची हवीत,” तो म्हणायचा. पुढेपुढे तो माणसांनाही हेच मोजमाप लावू लागला. मी अर्थातच ईस्ट-वेस्टमध्ये जमा होतो.

आजाराचं निदान झालं ते, आपल्या रीतीप्रमाणे, त्याला सोडून सगळ्यांना कळलं. वहिनींनी डॉक्टरांना आधीच विनवलं होतं आणि मला बजावलं होतं, “इन्फेक्शन आहे म्हणायचं.” त्याच्यासमोर बसून मी हवापाण्यावर बोलत राहिलो. त्याने कप खाली ठेवला.

“अरविंद, नॉर्थ-साउथ.”

मी सांगून टाकलं. त्याने कप उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, “मला कळलंय हे मेधाला बोलू नकोस. मीच सांगेन तिला… सावकाश.”

परवा गेलो तेव्हा वहिनींनी पोहे केले होते. वाट्या तशाच टेबलावर.

“भावजी, शिरीषला माहीत होतं का?”

डॉक्टर फार चांगले होते, इथून मी सुरुवात केली. वहिनींनी दोन वाट्या बाजूला सरकवल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“होतं,” मी म्हणालो.

“मग माझ्याशीच असा कडेकडेने का पळाला?”

मला शिरीषचा राग आला आणि त्याची फार आठवणही आली. वहिनी पोह्यांकडे बघत होत्या.

“आणि मी तरी कुठे…” असं म्हणून त्यांनी दोन्ही वाट्या पुन्हा जवळ आणून ठेवल्या.