पेट्रोलचा अडकलेला काटा

काल मेकॅनिकनं गाडीचं मागचं सीट काढून टाकीतला, काटा हलवणारा फ्लोट बाहेर ओढला. टाकी भरूनही पेट्रोलचा काटा शून्यावर बसला होता. उग्र वास नाकात शिरला आणि मी मनानं लहानपणीच्या बिद्रीच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

आमच्या जुन्या गाडीचा काटा कायम अर्ध्यावर असायचा. त्यावर आबांचा, म्हणजे वडिलांचा, इलाज ठरलेला: गाडी गदागदा हलवायची आणि टाकीत डुचमळतंय का ऐकायचं. कान माझा. घरात माझा तेवढाच उपयोग होता.

त्या दुपारी आईच्या छातीत कळ आली. तिला मागं झोपवून आम्ही कोल्हापूरला दवाखान्यात निघालो आणि उसाच्या फडांमध्ये गाडी बंद पडली.

"आईक रं, हाय का न्हाय," म्हणत आबा गाडी हलवू लागले.

"अवो, मी आत हाय! मलाबी हलवून बघताय व्हय?" आई म्हणाली. आम्ही हसलोसुद्धा.

मी पत्र्याला कान लावला. टाकी गप्प होती. ऐकू येत होता तो आईचा अडकणारा श्वास.

कुणाच्या तरी मोटारसायकलवर जाऊन आबांनी पेट्रोल आणलं. तोवर तो श्वासही थांबला होता. गाडी लगेच सुरू झाली. मी मागं बसून आईचं डोकं मांडीवर घेतलं.

आबांनी आरशात बघितलं. "झोपली व्हय?"

"व्हय."

तेव्हा वाटलं, त्यांना कळलं नाही. आता त्यांच्या वयाला पोचल्यावर ध्यानात येतं, त्यानंतर त्यांनी गाडी हळू केली होती.