फायनल उधन्यात बघितली, आणि मावशी जिन्यावर

"धुळ्यात टीव्ही नाही का?" बायकोचं म्हणणं रास्त होतं. पण फायनल एकट्यानं बघणं म्हणजे गणपतीत एकट्यानं आरती म्हणणं! त्यात सुरतहून मावसभाऊ दिनेशचा फोन, "भो, तू आला की आपण जिंकतोच." सकाळीच एसटी धरली.

नवापूरपर्यंत रस्ता झकास. सुरतेच्या अलीकडं कडोदऱ्याला ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली ती अडकलीच. तुम्ही जाणार असाल तर सरळ रेल्वेनं सुरतेजवळ, दिनेश राहतो त्या उधन्याला उतरा आणि स्टेशनबाहेर गरम लोचो खा, वर शेव-कांदा. चाळीस रुपयांत पोटभर.

दिनेश आणि मावशीच्या खोलीत त्याच्याबरोबर पॉवरलूमवर काम करणारी पोरं आधीच जमलेली. टीव्हीला हार, पुढं उदबत्ती, नारळ तयार. नियम कडक: चौका बसला की जो जसा बसलाय, तसाच बसणार. हसू नका, माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही.

मावशी चहा घेऊन आत आली आणि आपली विकेट गेली. पाणी घेऊन आली, दुसरी गेली. पोरं चुकचुकली. मी आपला शहाणा पाहुणा, ओरडलो, "मावशी, तू बाहेरच बस बरं! तुझा पायगुण काही बरा नाही आज."

खोली खदखदून हसली. दिनेश हसला नाही. मावशी ट्रे ठेवून जिन्यावर जाऊन बसली.

आणि आपण जिंकलो! नारळ फुटला, गल्लीत फटाके. प्रसाद घेऊन मी बाहेर धावलो. "चल ना आत, मावशी!"

"जिंकनात ना? मंग बसू दे आठेच." मग पायरीवरून न उठता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाई घर तरी मन्हं व्हतं रे."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, वारल्यावर सासरच्यांनी हेच बोलून तिला लग्नकार्यातून बाहेर बसवलं होतं. म्हणून तर ती पोराला घेऊन सुरतला आली. मला हे सगळं ठाऊक होतं. दुपारी तिच्याच हातची शेवभाजी खाऊन तिच्याच घरात मी तेच बोललो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया पडलो, तर "जेवी ले" एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर दिनेशचा निरोप: पुढच्या मॅचलाही सगळे त्याच जागी. मी लगेच फोन लावला. "मावशीला आत बसव, दिनेश. चूक माझी होती."

"मी भांडलो रे पोरांशी," तो म्हणाला. "पण आता आईच ऐकत नाही. म्हणते, मी बसते जिन्यावर, तुम्ही जिंका."